रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे

भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे. कुठल्याही बाजूने गाडी काढा, चार-दोन कंपन्यांच्या गेटवर एक पाटी दिसतेच. 'अपघाताविना गेलेले दिवस' आणि पुढे आकडा. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. बॅज लागतात, शपथ होते आणि त्या आठवड्यात कुठेतरी प्रोजेक्टरवर एक तक्ता झळकतो. प्रशिक्षणाचे तास आणि अपघात यांचा संबंध इतका. ओव्हरटाइम आणि अपघात यांचा संबंध जवळपास नाही. मग चहा, बिस्कीट, ग्रुप फोटो.

ही पोस्ट त्या तक्त्याबद्दल आहे. लांब आहे, पण बोटं तुटण्याचा विषय आहे, म्हणून वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात 'अमुक गोष्टीचा अपघाताशी संबंध आहे' किंवा 'नाही' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यात सगळ्यात मोठा वाटा असतो न आलेल्या माहितीचा. कुणी रिटर्न भरलाच नाही, कुणी रकाना कोरा सोडला, कुणाचं नाव हजेरीपटावरच नव्हतं. या कोऱ्या जागांचं काय केलं हे तक्त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते लिहिणं सक्तीचं व्हायला हवं.

आता म्हणाल, एवढ्याशा तांत्रिक गोष्टीने काय फरक पडतो? पाहू या.

समजा, एकाच गाळ्यांच्या रांगेत आठ पत्राशेड आहेत. सगळीकडे पॉवर प्रेस. दर आठवड्याचा सरासरी ओव्हरटाइम ४, ६, ८, १०, १२, १४, १६, १८ तास. वर्षभरातले अपघात त्याच क्रमाने १, १, २, २, ३, ४, ४, ५. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. एक्सेल उघडा, दोन रकाने भरा आणि कोरेल हे फंक्शन लावा. उत्तर येईल ०.९८. सहसंबंधाचा हा आकडा उणे १ ते अधिक १ च्या मध्ये असतो. अधिक १ च्या जवळ म्हणजे एक वाढलं की दुसरंही वाढतं. म्हणजे इथे ओव्हरटाइम वाढला की अपघात वाढतात, जवळजवळ सरळ रेषेत.

आता प्रत्यक्षात काय होतं? शेवटची तीन शेड, जिथे ओव्हरटाइम सगळ्यात जास्त, तिथून अपघातांची माहितीच येत नाही. आपल्या शीटमध्ये तीन चौकटी रिकाम्या. पुढे तीन माणसं ही शीट तीन प्रकारे हाताळतात.

पहिला म्हणतो, काही कळवलं नाही म्हणजे काही झालं नाही. तो तिन्ही ठिकाणी ० टाकतो. उत्तर येतं उणे ०.४४. म्हणजे जितका ओव्हरटाइम जास्त तितके अपघात कमी! मालकाला हाच तक्ता आवडणार.

दुसरा म्हणतो, शून्य कसं टाकायचं, आपण सरासरी टाकू. बाकीच्या पाच शेडची सरासरी १.८, ती तिन्ही चौकटींत. उत्तर ०.४६. म्हणजे संबंध आहे, पण 'मध्यम' आहे, अजून अभ्यास करू.

तिसरा त्या तीन ओळी वगळतो आणि उरलेल्या पाचांवर गणित करतो. उत्तर ०.९४.

माहिती तीच, शेड तेच, तुटलेली बोटं तीच. तरी उत्तरं उणे ०.४४, ०.४६ आणि ०.९४. तिघांपैकी कुणीही प्रत्यक्ष आलेल्या आकड्यांमध्ये काडीचाही फेरफार केलेला नाही. फक्त रिकाम्या चौकटीचं काय करायचं, हे प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलं. आणि आपल्याला दिसतं फक्त शेवटचं उत्तर.

बरं, शून्य टाकणारा माणूस लबाडच असतो असं नाही. बहुतेक वेळा तो बिचारा महिन्याचा एमआयएस बनवत असतो. एक्सेलमधलं कोरेल खरं तर रिकामी चौकट आपोआप वगळतं. पण शून्य मात्र ते खरा आकडा म्हणून धरतं. आता वेगवेगळ्या शेडच्या शीट एका मास्टर शीटला जोडताना आपण 'बरोबर' चिन्ह देऊन लिंक करतो किंवा व्हीलुकअप लावतो. मूळ चौकट कोरी असेल, तर या दोन्हींत मास्टर शीटमध्ये ० उमटतं. कुणी टाइप केलं नाही, कुणी खोटं बोललं नाही, पण 'माहिती नाही' याचं 'अपघात नाही' झालं. हे गावोगावच्या ऑफिसांत रोज होतं. तुमच्याकडे अशी शीट असेल तर उद्या जाऊन तपासा.

महागडी सॉफ्टवेअरं वापरली की प्रश्न सुटतो का? नाही, फक्त बदलतो. 'आर' नावाच्या प्रणालीत एक जरी चौकट रिकामी असली तरी ती सरळ उत्तर द्यायला नकार देते आणि विचारते, तू सांग काय करायचं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. पायथनमधली पांडास काही न विचारता जोडीजोडीने रिकाम्या नोंदी गाळते आणि उत्तर हातात ठेवते. एसपीएसएसमध्येही सहसंबंधाच्या तक्त्यात न सांगता जोडीजोडीनेच गाळणी होते. स्टाटात दोन वेगळ्या आज्ञा आहेत. एक, कुठेही कोरं असेल तर अख्खी ओळच काढणारी. दुसरी, जोडीजोडीने पाहणारी. म्हणजे एकच फाइल चार प्रणालींत टाकली तर वेगवेगळे तक्ते मिळू शकतात आणि सगळेच 'कॉम्प्युटरने काढलेले' असतात.

यातली जोडीजोडीची पद्धत वरून फार निरुपद्रवी वाटते. तिची गोम सांगतो. समजा शंभर शेड आहेत. ओव्हरटाइमची माहिती नव्वदांनी दिली, प्रशिक्षणाची साठांनी, अपघातांची चाळीसांनी. मग ओव्हरटाइम-प्रशिक्षण हा आकडा एका गटावरून निघतो, प्रशिक्षण-अपघात दुसऱ्या गटावरून, ओव्हरटाइम-अपघात तिसऱ्याच. तक्ता मात्र एकसंध दिसतो. ही गोधडी आहे, आणि आपल्याला शालू म्हणून दाखवली जाते. ही शिवण कधी कधी इतकी उसवते की अशक्य उत्तरं येतात. एकाच गटात पहिल्या-दुसऱ्याचा संबंध ०.९ आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा ०.९ असेल, तर पहिल्या-तिसऱ्याचा किमान ०.६२ असायलाच हवा, हे गणित आहे. जोडीजोडीच्या तक्त्यात तिथे उणे आकडासुद्धा येऊ शकतो. कारण ती तीन वेगळ्या लोकांची गोष्ट असते.

मग ओळीच वगळाव्यात का? वरच्या उदाहरणात तसं करून उत्तर बरोबर आलं होतं ना? आलं, पण ते नशीब होतं. तिथे माहिती न देणाऱ्यांचा ओव्हरटाइम तरी आपल्याला माहीत होता आणि सगळ्या शेडमध्ये चित्र एकाच रेषेत होतं. खऱ्या जगात तसं नसतं.

संख्याशास्त्रात डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये यावर एक मूलभूत मांडणी केली. त्यातून तीन प्रकार रूढ झाले. आपल्या भाषेत सांगतो.

एक, निव्वळ योगायोग. पावसात टेम्पोतली फाइल भिजली, चार फॉर्म गेले. कुणाचे गेले याला काही अर्थ नाही. अशा वेळी उरलेल्यांवर गणित केलं तर नमुना लहान होतो, पण चित्र तिरकं होत नाही.

दोन, कारण दुसऱ्या रकान्यात सापडतं. छोट्या शेडमध्ये क्लार्कच नाही, म्हणून रिटर्न येत नाही. पण शेड केवढं आहे हे आपल्याला माहीत आहे. मग त्याच आकाराच्या, माहिती देणाऱ्या शेडवरून अंदाज बांधता येतो. त्यासाठी चांगल्या पद्धती आहेत, एकाऐवजी अनेक शक्यता भरून पाहण्याच्या. त्यात अंदाज हा अंदाज म्हणूनच दाखवला जातो.

तीन, लपवण्याचं कारण तो आकडाच. अपघात झाला म्हणूनच अपघाताची नोंद नाही. इथे कुठल्याही सॉफ्टवेअरचं कुठलंही बटण उपयोगाचं नाही, कारण उत्तर फाइलमध्येच नाही.

आता तुम्हीच सांगा, चाकण-भोसरीच्या पत्राशेडमधली रिकामी चौकट यातल्या कुठल्या प्रकारची आहे?

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ मध्ये अपघात कळवण्याचं बंधन होतं. दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तरी कळवायचं. नव्या कामगार संहितेतही अपघात कळवण्याचं बंधन आहेच. पण ४८ तासांची ही मोजपट्टी आली की तिच्यासोबत पळवाटही येते. बोटाला टाके पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून घ्यायचं, हजेरी लावायची आणि स्टुलावर बसवून ठेवायचं. ही युक्ती शॉप फ्लोअरवर कुणालाही नवी नाही. माणूस कामावर आला, म्हणजे अपघात कागदावर चढलाच नाही.

कंत्राटी माणसाचं तर अजून सोपं. त्याला खासगी दवाखान्यात न्यायचं, बिल रोखीने भरायचं, हातात काही हजार ठेवायचे आणि लातूरच्या, यवतमाळच्या किंवा बिहारच्या गाडीत बसवून द्यायचं. इथे चौकट रिकामी राहत नाही, अख्खी ओळच शीटमधून नाहीशी होते. गाळायलाही काही उरत नाही.

सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांना विम्याचे हक्क मिळवून देण्याचं काम करते. गुडगाव-मानेसरपासून सुरुवात करून ती आपल्या पट्ट्यापर्यंत आली. २०१९ पासून ती 'क्रश्ड' नावाने अहवाल काढते. त्यात वारंवार दोन गोष्टी दिसतात. राज्यांच्या अधिकृत नोंदींत जितके जखमी आहेत, त्यापेक्षा कितीतरी जास्त जखमी या संस्थेला प्रत्यक्ष भेटतात. आणि अनेकांचं ईएसआयसी कार्ड अपघात झाल्यानंतर निघालेलं असतं. म्हणजे अपघात होईपर्यंत हा माणूस कागदावर नव्हताच. मग त्याच्यासारखे जे अजूनही धडधाकट आहेत, ते कुठल्या शीटमध्ये मोजले जात आहेत?

याचा सगळ्यात विचित्र परिणाम ऐका. ज्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे, नियमित प्रशिक्षण आहे, प्रथमोपचाराचं रजिस्टर आहे, तिथे नखाला ओरखडा गेला तरी नोंद होते. जिथे यातलं काही नाही, तिथे बोट गेलं तरी नोंद नाही. आता प्रशिक्षणाचे तास आणि नोंदवलेले अपघात यांचा सहसंबंध काढा. तो अधिक येऊ शकतो. म्हणजे तक्ता सांगणार, प्रशिक्षण दिलं की अपघात वाढतात! प्रामाणिक कंपनी बदनाम आणि पत्राशेड 'शून्य अपघात'. मोठ्या कंपनीच्या पर्चेस विभागाने असा तक्ता पाहून सप्लायर निवडला, तर तो सुरक्षेला नाही, गप्प बसण्याला बक्षीस देतो आहे.

८ डिसेंबर २०२३ आठवतो? तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये आग लागली. सहा जण त्याच दिवशी गेले आणि जखमींपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत गेले. बळींमध्ये बहुतेक आपल्याच भागात राहणाऱ्या कष्टकरी बायका होत्या. त्या शेडला परवाना नव्हता. त्याच्या आदल्या दिवशी, ७ डिसेंबरला, शहरातल्या धोकादायक उद्योगांचा कितीही सुंदर तक्ता काढला असता, तरी त्यात हे शेड आलं नसतं. ना रिकाम्या चौकटीत, ना शून्यात.

यावर दोन आक्षेप येतात, ते खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला, 'अहो, माहिती पूर्ण कधीच नसते. पूर्ण होईपर्यंत थांबायचं का?' अजिबात नाही. अपुऱ्या माहितीवर काम करता येतं, फक्त नियम आधी ठरलेले आणि जाहीर हवेत. आपल्याच शहरात याचं उदाहरण आहे. निगडी-भोसरीच्या हवेचा निर्देशांक तुम्ही मोबाइलवर पाहता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत नियम असा आहे की दिवसाच्या चोवीस तासांपैकी किमान सोळा तासांची नोंद हवी आणि किमान तीन प्रदूषकांची माहिती हवी. त्या तिनांत पीएम २.५ किंवा पीएम १० हवाच. नाही तर निर्देशांक काढायचाच नाही. यंत्र बंद पडलं तर 'हवा शुद्ध' असं येत नाही, 'माहिती अपुरी' असं येतं. त्या पद्धतीतही उणिवा आहेत. वीज गेलेल्या तासांतच जनरेटरचा धूर जास्त असेल तर काय, हा प्रश्न तिथेही उरतो. पण निदान गप्प कधी बसायचं हे तरी लिहून ठेवलं आहे. धुळीच्या कणांसाठी जो नियम आहे, तो माणसाच्या बोटांसाठी का नाही?

दुसरा आक्षेप, 'लपवलेलं मोजणार कसं?' याचं उत्तर देणारा माणूस आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक क्वालिटी इंजिनिअरला माहीत आहे. एडवर्ड्स डेमिंग. ज्यांच्या नावाने आपण प्लॅन-डू-चेक-अ‍ॅक्टचे फलक लावतो, तेच. त्यांनी आणि सी. चंद्रशेखरन या भारतीय शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये एक पद्धत मांडली. माहिती होती कोलकात्याजवळच्या सिंगूरची आणि प्रश्न होता नोंद न झालेले जन्म-मृत्यू किती. कल्पना साधी आहे. एकाच गोष्टीच्या दोन स्वतंत्र याद्या घ्या आणि दोन्हींत सामाईक नावं किती ते पाहा.

उदाहरण देतो. समजा एका यादीत ६० जखमी आहेत, दुसरीत ५०, आणि ३० नावं दोन्हीकडे आहेत. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या ५० पैकी ३० जणच पहिल्या यादीला सापडले, दर ६० टक्के. मग पहिल्या यादीतले ६० हे एकूण जखमींच्या ६० टक्के धरले, तर एकूण निघतात १००. दोन्ही याद्या मिळून आपल्याला दिसले ८०. उरलेले २० कुणालाच दिसले नाहीत, पण आहेत. याद्या पुरेशा स्वतंत्र नसतील, म्हणजे एकीत आलेला माणूस दुसरीतही येण्याची शक्यता जास्त असेल, तर खरा आकडा यापेक्षाही मोठा असणार.

आपल्याकडे दोन याद्या नाहीत का? आहेत की. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कळवलेले अपघात ही एक. ईएसआयसीकडे आलेले कामावरच्या दुखापतीचे दावे ही दुसरी. पिंपरीच्या वायसीएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात हात चिरडून आलेल्यांच्या नोंदी ही तिसरी. नावं गुप्त ठेवून या याद्या एकमेकींशी ताडून पाहणं हे काही चंद्रावर यान पाठवणं नाही. ज्या शहरात दर दुसरा माणूस डेटावर काम करतो असं आपण अभिमानाने सांगतो, तिथे हे एका महिन्याचं काम आहे.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत.

१. अपघातांच्या कुठल्याही जाहीर तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी तो किती ठिकाणांच्या माहितीवरून काढला ते लिहा. १०० पैकी ४० वरून काढला असेल तर '४०' दिसलं पाहिजे.

२. फॉर्ममध्ये 'अपघात झाला नाही' आणि 'माहिती दिली नाही' या दोन वेगळ्या खुणा ठेवा. कोरं सोडायची सोय बंद करा.

३. रिकाम्या चौकटींचं काय केलं, वगळल्या, भरल्या की जोडीजोडीने पाहिल्या, हे एका ओळीत तक्त्याखाली लिहा. शक्यतो दोन्ही-तिन्ही पद्धतींची उत्तरं द्या. ती जुळली तर उत्तम, नाही जुळली तर तीच खरी बातमी.

४. ज्यांनी माहितीच दिली नाही त्यांची संख्या विभागवार आणि आकारमानानुसार जाहीर करा. तपासणी आधी तिथे करा. आज गप्प शेड वाचतं आणि बोलणारी कंपनी सापडते, हे उलटं झालं पाहिजे.

५. वर सांगितलेल्या तीन याद्या वर्षातून एकदा ताडून पाहा आणि निकाल मराठीत प्रसिद्ध करा.

यात उद्योगांविरुद्ध काही नाही. उलट नीट नोंद ठेवणाऱ्या उद्योजकाच्या बाजूचं आहे. छोट्या शेडमालकाला अजून एक फॉर्म नको आहे हेही मान्य, म्हणूनच नवा फॉर्म मागत नाही, आहे त्यातच एक खूण मागतो आहे. आणि एक लक्षात ठेवा. नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या वीस कामगारांपासून सुरू होते. त्याखालचं शेड कारखाना म्हणून मोजलंच जात नाही. म्हणजे कोऱ्या जागा उद्या कमी होणार नाहीत, वाढणार आहेत.

पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणी 'डेटा सांगतो की संबंध नाही' असं म्हणालं, तर घाबरू नका, संख्याशास्त्र यायची गरज नाही. हात वर करा आणि एवढंच विचारा: साहेब, किती जणांनी माहिती दिली, किती जणांनी नाही दिली, आणि ज्यांनी नाही दिली त्यांच्या चौकटीत तुम्ही काय टाकलं?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.

(कंपनीत एमआयएस, सेफ्टी किंवा एचआरमध्ये काम करणाऱ्यांनी आपापल्या शीटमधलं ते व्हीलुकअपचं शून्य तपासून कमेंटमध्ये सांगा. कंपनीचं नाव लिहू नका, फक्त किती चौकटी निघाल्या ते लिहा.)